मानेवरचे केस

डेंग्यूतून मी उठले ती अर्धीच उठले, असं आई म्हणायची. सोलापूरच्या दवाखान्यातून मला घरी आणलं तेव्हा पाण्याचा तांब्यासुद्धा उचलवत नव्हता. आमचं गाव नळदुर्गच्या अलीकडं, हायवे सोडून आत. मी नळदुर्गात एका लॅबमध्ये रक्त तपासते. दुसऱ्यांच्या प्लेटलेटचे आकडे सांगून त्यांची झोप उडवणारी मी, या वेळी स्वतःचाच आकडा ऐकून गार पडले होते.

तापात डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही आणि केसांना फणी लावायची नाही, हा आमच्या घरचा कायदा. विंचरलं की अंगातली ताकद केसांवाटे निघून जाते म्हणे. दवाखान्यात आईनं माझ्या केसांचा एक गच्च अंबाडा घातला, वरून तेल थापलं, आणि त्या अंबाड्यावर मी आठवडेच्या आठवडे उताणी पडून राहिले. घाम आला की वर आणखी तेल. घरी आल्यावरही तेच चाललं होतं.

शेवटी एकदाची डोक्यावरून अंघोळ करायची परवानगी मिळाली. मी न्हाणीत बसून शाम्पूच्या पुड्या ओतल्या, सगळे केस डोक्यावर गोळा केले आणि गोधडी घासावी तसे दोन्ही हातांनी घासले. वरचे केस कसेबसे सुटे झाले. मग हात मानेकडं गेला आणि मी ओरडलेच. तिथं केस नव्हते. काहीतरी चपटं, टणक, ओलं बोटांना लागलं, तळहाताएवढं. मला खरंच वाटलं की डोक्याला एखादा प्राणी चिकटलाय. ओढून बघितलं तर डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हललं नाही.

माझा आवाज ऐकून आई धावत आली. तिच्यामागून काकू. काकूचं घर आमच्याच अंगणात आहे, मधे फक्त एक तुळस. मी कसाबसा गाऊन चढवून बाहेर आले. काकूनं माझी मान वाकवली, केस बाजूला केले, बघितलं. मी आपली 'काय आहे, काय आहे' विचारतेय आणि मागं चिडीचूप. वैतागून वळले तर काकू खाली वाकलेली. तिनं माझ्या ओल्या पायांवर कपाळ टेकवलं होतं.

"आई, आलात का वो आमच्या घराला," काकू म्हणाली.

ही आई म्हणजे माझी आई नव्हे, तुळजापूरची. आणि हे काकू मला म्हणत होती. लहानपणी जिनं मला वाळवणातली पापडं चोरली म्हणून खराट्यानं झोडपलं होतं, ती बाई माझ्या पायाशी बसून डोळे पुसत होती. मी इतकी हादरले की पाय मागं घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

आमच्याकडं केसांची अशी आपोआप गाठ वळली की तिला जट म्हणतात. ती देवीची खूण. ती कापायची नाही, विंचरायची नाही, तिला हळद-कुंकू वाहायचं. जिच्या डोक्यावर ती आली तिनं तुळजापूरला जाऊन परडी घ्यायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा मागायचा. एकदा परडी हातात घेतली की जन्मभर. अशा बायका मी यात्रेत लहानपणापासून बघत आलेय. त्यांना नमस्कारही केलाय. पण त्यांच्यात आपण असू असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. लॅबचा डी.एम.एल.टी. डिप्लोमा केलेली, पगारातून स्कूटीचा हप्ता फेडलेली मी, आणि आता काकू कुंकवाच्या बोटांनी माझी मान माखत होती.

खरा धक्का संध्याकाळी बसला. मी खाटेवर पडले होते. आई ताट घेऊन आली आणि म्हणाली, "जेवून घ्या."

मी मागं वळून बघितलं, कोण पाहुणं आलंय म्हणून. कुणी नव्हतं.

"आई, कुणाला म्हणतीस?"

"तुमालाच," आई खाली बघत म्हणाली. "वरण गरम हाय तवर घ्या."

माझी आई. जिनं मला आयुष्यात 'गं' आणि 'मेले' याशिवाय हाक मारली नाही. ताट ठेवून ती दोन पावलं मागं सरकून उभी राहिली, मंदिरात राहतात तशी. अप्पा, म्हणजे माझे वडील, एरवी माझ्याच खाटेच्या कडेला टेकून बातम्या बघायचे. ते त्या दिवशी खाली फरशीवर बसले. मी म्हणाले, अप्पा वर बसा की. ते म्हणाले, "असू दे, बरं हाय इथं." मी भाकरी तशीच ताटात ठेवली. आजारपणात मी मेले असते तर हे घर माझं नाव काढून रडलं तरी असतं. आता मी जिवंत होते आणि घरातून नाहीशी झाले होते.

काकूनं सगळं ठरवूनही टाकलं होतं. कोजागिरीला तुळजापूर. सोलापूरकडची, कर्नाटकातली माणसं त्या पौर्णिमेला पायी जातात, हायवे नुसता फुललेला असतो. त्याच गर्दीत मलाही न्यायचं आणि परडी द्यायची. माझ्या नोकरीचं विचारलं तर म्हणाली, "आईची चाकरी सोडून कुनाची चाकरी करताव?" दवाखान्यात माझ्यासाठी रोज एसटीनं डबा आणणारी हीच बाई. तिच्या मनात कपट असतं तर भांडायला सोपं गेलं असतं. तिला मनापासून आनंद झाला होता, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

मी हट्टानं लॅबला जायला लागले. बातमी माझ्या आधी पोचली होती. आमच्याच शिवारातली एक बाई शुगर तपासायला आली. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, सुई उघडली, तर तिनं हात सोडवून घेतला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाली, "तुमच्या हातानं रगत काढून घेऊ व्हय म्या? पाप लागंल." आमचे लॅबवाले सर थक्क होऊन बघत राहिले. ती गेल्यावर म्हणाले, "यापुढं आधी सुई टोचत जा, मग ओळख द्या." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ही नोकरी आता कितीशी टिकणार, ते मला दिसत होतं.

त्या दुपारी पेशंट नव्हते. मी चिडून चिडून स्वतःचेच केस उपटले. एक टाळूवरचा, एक कानाच्या वरचा, आणि एक मानेवरचा, जटेच्या कडेनं सुटा राहिलेला. तिन्ही एका काचेवर ठेवले आणि मायक्रोस्कोपखाली घातले. रोज मी त्यातून रक्त बघते, पण केस बघायची बुद्धी कधी झाली नव्हती. टाळूवरचा केस जाड, सरळसोट. कानावरचा मधेच वळण घेऊन पुन्हा सरळ झालेला. आणि मानेवरचा? निम्म्याहून बारीक, चपटा, जागोजागी पीळ पडलेला. तीन वेगळ्या बायकांचे केस कुणीतरी आणून ठेवावेत तसे. मी काच काढून पुन्हा लावली, चुकून दुसऱ्या कुणाचा केस आला का म्हणून. नव्हता आला. तिन्ही माझेच होते.

आमच्या घरात केसांचे दोनच प्रकार होते, सरळ केस आणि झिपऱ्या. माझ्या झिपऱ्या. लहानपणापासून त्यांना तेलात बुडवून, कोरड्यावर फणी ओढून, दोन वेण्यांत करकचून आवळलेलं. मला वाटायचं माझं डोकंच बिघडलेलं आहे. कुणी कधी म्हणालं नाही की याच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस आहेत आणि तिघांना एकाच फणीनं हाकता येत नाही.

मग मोबाइलवर शोधत बसले. असल्या लाटालाटांच्या केसांवर बोलणाऱ्या बायकांचे ढीगभर व्हिडिओ निघाले. त्या जे सांगत होत्या ते ऐकून मी कपाळाला हात लावला. म्हणे असे केस कोरडे विंचरायचेच नसतात. ओले करायचे, कंडिशनर भरपूर लावायचं, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं सोडवायचे, तेही टोकाकडून सुरू करून हळूहळू वर. शाम्पू चोळायचा तो डोक्याच्या कातडीला, केस एकत्र करून घासायचे नाहीत. घासले की लोकरीसारखे एकमेकांत बसतात. मानेवरच्या बारीक केसांना सगळ्यात जास्त जपायचं, कारण घाम आणि उशी दोन्ही त्यांनाच लागतात. आणि आम्ही काय केलं होतं? बरोब्बर उलटं, एकेक गोष्ट निवडून. शेवटचा घाव मी स्वतः न्हाणीत घातला होता. देवीला यात काही करायला आम्ही जागाच ठेवली नव्हती.

येताना कंडिशनरची बाटली घेऊन आले आणि आईपुढं ठेवली.

"आई, ही जट न्हाय. गुंता हाय. म्या सोडवते."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "हात लावू नका तिला. जट कापली की घरातलं मानूस जातं."

"कापत न्हाय गं. सोडवतेय."

"सोडवली म्हंजी हाकललीच की."

माझा तोल गेला. मी मोठ्यानं ओरडले, "तुला देवी पायजे का पोरगी पायजे, ते एकदा सांग!"

आई खाली बसली. म्हणाली, "पोरगी पायजे म्हनूनच तर पदर पसरला व्हता तिच्याम्होरं. डाक्टर म्हनत व्हता, रातभर बगू. म्या बगत बसले न्हाय, म्या मागत बसले." मी बाटली उचलून खाटेखाली सरकवली.

तरी मी सोडलं नाही. सरांकडून अर्धा दिवस मागून घेतला, आणि दुपारी आई आणि काकू सोयाबीन काढायला गेल्या की मी पुढं एक आरसा, मागं एक आरसा ठेवून बसायची. कंडिशनर ओतायची, बोटांनी चाचपायची. आजारातले हात डोक्याच्या मागं फार वेळ टिकायचे नाहीत. टोकाकडचा थोडा भाग मऊ झाला, बस्स. आत जावं तसं ठणकायचं, आणि वासही येत होता. कुंकू, तेल, घाम आणि आणखी काहीतरी. एका दुपारी बोट बाहेर काढलं तर त्याला पू आणि रक्त होतं. रक्त मी रोज बघते. पण ते बोट मी उजेडाकडं धरून पुन्हा पुन्हा बघितलं.

आई शेतातून लवकर आली होती. दारातच उभी होती. मी काही न बोलता बोट तिच्यापुढं धरलं.

तिनं विळा खाली टाकला. मोबाइलची बॅटरी लावून माझी मान उजेडाकडं वळवली आणि पहिल्यांदा, हात न जोडता, नीट बघितलं. जटेच्या खाली कातडी सोलवटून लाल झाली होती. आईनं बोट घालून आत चाचपलं, काहीतरी लागलं, तिनं ते नखानं ओढलं. काळं रबर. दवाखान्यात तिनंच माझ्या अंबाड्याला लावलेलं, केसांत रुतून बसलेलं.

"ह्ये रबर हाय की गं!" आई किंचाळली. "भवाने, एवढं सडलं तवर बोलली न्हाईस व्हय!" आणि मग तोंडावर हात ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं होतं. मी हसत सुटले. ती हसली नाही.

पुढच्या दुपारी, काकू एकटी शेतात गेली की, आमच्या दोघींच्या; ती यायच्या आत मी ओढणीनं डोकं झाकून घ्यायची. आधी कडुलिंबाच्या कोमट पाण्यानं जखम धुवायची, मलम लावायचं. मग आई देवीच्या तसबिरीकडं बघून कान पकडायची आणि बसायची. तिची तोरणं विणायची क्रोशाची सुई होती. तिच्या वाकड्या टोकानं ती एकेक केस ओढून काढायची, मी सांगेन तसं, टोकाकडून, ओढाताण न करता. जाड केस पटकन निसटायचे. बारीक पिळाचे केस मात्र एकमेकांना सोडायला तयार नसायचे, त्यांना पुन्हा पाणी, पुन्हा कंडिशनर. पुष्कळ केस तुटून हातात आले. आई ते गोळा करून बघत बसायची आणि मग माझ्याकडं बघायची, मी श्वास घेतेय ना याची खात्री करावी तशी. रोज निजताना तिचा एकच प्रश्न, "अंगात कसर न्हाय ना?" नव्हती. उलट आजारानंतर पहिल्यांदाच मला कुशीवर झोप लागत होती.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी काकू नवीकोरी परडी आणि कवड्यांची माळ घेऊन आली तेव्हा मी अंगणात ओले केस पाठीवर सोडून बसले होते. वर सरळ, मधे लाटा, मानेवर बारीक बारीक कुरळे. काकूच्या हातातली परडी तशीच राहिली.

"कुनी कापली?" काकूनं विचारलं.

"कापली न्हाय. बघा की काकू."

तिनं बघितलं. माझ्या मानेवरचे केस मुळापासून टोकापर्यंत बोटांतून ओढून बघितले, परत परत. कुठं कात्रीची खूण सापडते का म्हणून. सापडली नाही. मग ती तुळशीपाशी बसली.

"मंग गेली कुठं ती?" तिनं विचारलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. उठत ती म्हणाली, "म्या जाते. तुमच्या वतीनं नाक घासून येते. लेकरं हायती म्हनते, चुकली असतील." परडी तिनं स्वतःच्या पदरात गुंडाळली. अप्पा तिला हायवेपर्यंत सोडायला गेले, आणि जाताना माझ्या डोक्यावर एक टपली मारून गेले.

घरात आम्ही दोघीच राहिलो. मी कंगवा घेऊन उरलेले केस विंचरत होते. आई म्हणाली, "दार लाव गं."

मी लावलं. वळले तर आईनं डोक्यावरचा पदर खाली घेतला होता. तिनं अंबाड्याची जाळी काढली. एकेक आकडा काढून मांडीवर ठेवला.

आईचे केस मी कधी मोकळे बघितले नव्हते. ती सगळ्यांच्या आधी न्हायची आणि बाहेर यायची ती अंबाडा घालून, पदर घेऊनच. आमच्याकडच्या कितीतरी बायका तशाच राहतात, त्यात वेगळं काही असेल असं मला का वाटावं? अंबाडा सुटला. पिकलेले विरळ केस खांद्यांवर पसरले, आणि त्यांच्या मधोमध, मानेवरून, एक जट खाली पडली. वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड. वर्षानुवर्षांच्या तेलानं काळी झालेली, घडी घालून घालून चपटी पडलेली.

माझ्या हातातला कंगवा पडला. जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी लहानाची मोठी झाले, त्या बाईच्या डोक्यावर काय आहे हे मला माहीत नव्हतं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"तू पोटात व्हतीस तवापासनं."

"अप्पांना?"

"कुनालाच ठाव न्हाय." आई भिंतीकडं बघून बोलत होती. "कळलं असतं तर परडी दिली असती. पोटात तू. जोगवा मागत फिरायचं, का तुला बगायचं? म्या झाकून टाकली. देवीला म्हनलं, पोरगी जरा मोठी हू दे, मंग येते तुझ्याकडं. तू मोठी झालीस. तरी म्या गेले न्हाय." तिनं मांडीवरचे आकडे मुठीत घेतले. "म्या लपवली म्हनून ती तुझ्यावर आली. तुझ्या मानंवर जट बगितली आन् म्या समजले. माझं देनं पोरीकडनं वसूल करायलीय."

इतके दिवस मी तिला अडाणी समजून भांडत होते. ती मला 'तुमी' म्हणत होती ते भक्तीनं नव्हे, भीतीनं. मला तिचा राग आला, कीव आली, आणि एवढी वर्षं ही बाई मान कशी टेकत असेल, या विचारानं मला उमाळा आला. मी तिच्या मागं जाऊन बसले. जटेच्या कडेला, कानामागं, थोडे केस सुटे राहिले होते. बोटांत धरून बघितले. बारीक, चपटे, जागोजागी पीळ. माझ्या मानेवर आहेत तेच. तिच्याकडून माझ्यावर आलं होतं हे तर खरंच होतं.

जट दाबून बघितली. लाकडासारखी. हिला पाणी, कंडिशनर, क्रोशाची सुई, कशाचाच उपयोग नव्हता.

"माझी सुटायची न्हाय, ठाव हाय मला," आई म्हणाली. "काप तू."

मी उठून कात्री आणली. मी पाती उघडली तसा आईनं माझा हात धरला.

"आधी सांग. ही कापली तर परत तुझ्या डोक्यावर तर न्हाय ना यायची?"

"न्हाय यायची," मी म्हणाले. "म्या केस ओले करून विंचरीन. रोज."

"रोज?"

"रोज."

मग आईनं माझा हात सोडला आणि मान पुढं झुकवली.